लोहाला साखरेचे कवच. ते ऊसतोड बाईपर्यंत कधी?

ऊस तोडला की त्याचे घड्याळ सुरू होते. एका दिवसाच्या आत तो गव्हाणीत पडला तर उत्तम. दोन-तीन दिवस फडात किंवा कारखान्याच्या गाडीतळावर उन्हात तापत राहिला, तर वजन घटते आणि उताराही घसरतो. हे प्रत्येक ऊस उत्पादकाला ठाऊक असते. उतारा घसरण्याचे एक कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही. तोडलेल्या टोकातून ‘ल्युकोनोस्टॉक’ नावाचा जिवाणू आत शिरतो, उसातली साखर खातो आणि तिच्यातल्या ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडून लांबच लांब साखळ्या तयार करतो. या साखळीचे नाव ‘डेक्स्ट्रान’. ती रसात उतरली की रस चिकट आणि बुळबुळीत होतो, लवकर गाळला जात नाही, पाक नीट बसत नाही आणि साखरेचे दाणे लांबट येतात. प्रवरानगर, संगमनेर, कोळपेवाडी, भेंडे, सोनई अशा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साखरपट्ट्यात शिळ्या उसाचा हा ताप नवा नाही.

कारखान्यात नको असलेल्या या पदार्थाला वैद्यकात मात्र मानाचे स्थान आहे. साखरेचे अनेक रेणू जोडून बनलेल्या अशा साखळ्यांना बहुशर्करा किंवा पॉलिसॅकॅराइड म्हणतात. भातातला स्टार्च, उसाच्या चिपाडातला सेल्युलोज, घोंगडीच्या लोकरीला देतात त्या चिंचोक्याच्या खळीतला चिकट भाग, या सगळ्या बहुशर्कराच. शरीराला त्या फारशा परक्या वाटत नाहीत, पाण्याशी त्यांचे सख्य असते आणि त्यांचा आकार हवा तसा लहान-मोठा करता येतो. म्हणून जखमेवरच्या पट्ट्यांपासून ते औषध वाहून नेणाऱ्या नॅनोकणांपर्यंत त्यांचा उपयोग होतो. ‘नॅनो’ शब्द आला की आपल्याला परदेशातल्या चकचकीत प्रयोगशाळा आठवतात. प्रत्यक्षात बहुशर्करेचे कवच असलेला एक नॅनोकण आपल्याकडच्या दवाखान्यांत रोज सलाईनमधून दिला जातो. तो म्हणजे रक्तवाढीसाठीचे लोहाचे इंजेक्शन.

या इंजेक्शनवरच्या कवचाचा आणि ऊसतोड मजूर बाईचा संबंध काय, हा आजचा विषय आहे. तो संबंध अगदी थेट आहे. लोहावर कोणत्या प्रकारच्या साखरेचे कवच आहे, यावर त्या बाईला दवाखान्याच्या किती फेऱ्या माराव्या लागणार हे ठरते. आणि ऊसतोडीच्या हंगामात दवाखान्याची दुसरी फेरी बहुतेकींच्या नशिबात नसते.

साखर कारखान्यातून शस्त्रक्रियागृहात

डेक्स्ट्रानची औषधी गोष्टही साखर उद्योगातूनच सुरू होते. स्वीडनमध्ये बीटपासून साखर करतात. तिथेही बीटच्या रसात असाच बुळबुळीतपणा येई. १९४० च्या दशकात उप्साला विद्यापीठात इंगेलमन आणि ग्रोनवॉल हे संशोधक या पदार्थाचा अभ्यास करीत होते. त्यांच्या लक्षात आले की, या साखळ्या ठरावीक लांबीच्या करून शुद्ध द्रावणात मिसळल्या, तर ते द्रावण रक्तवाहिनीत बराच वेळ टिकते. म्हणजे रक्तस्राव झालेल्या माणसाला रक्त मिळेपर्यंत ते धरून ठेवू शकते. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ होता, त्यामुळे अशा द्रावणाची निकड होतीच. १९४७ मध्ये ते बाजारात आले आणि पुढे जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत डेक्स्ट्रानच्या बाटल्या दिसू लागल्या. अर्थात, औषधासाठीचे डेक्स्ट्रान शिळ्या उसातून काढत नाहीत. निवडलेला जिवाणू, शुद्ध साखर आणि निर्जंतुक टाक्या वापरून ते मुद्दाम बनवतात.

यानंतर लोहाची पाळी आली. रक्तातल्या हिमोग्लोबिनला लोह लागते, पण सुटे लोह थेट शिरेत सोडले तर ते विषासारखे काम करते. रक्तदाब कोसळतो, मळमळते, पेशींना इजा होते. शरीर स्वतःसुद्धा लोह कधी मोकळे सोडत नाही. ते प्रथिनांच्या ताब्यात ठेवूनच इकडून तिकडे नेते. औषध बनवणाऱ्यांनी हीच युक्ती उचलली. लोहाच्या अतिसूक्ष्म कणाभोवती साखरेच्या साखळ्यांचे कवच चढवले. असा कण काही नॅनोमीटरपासून पंचवीसेक नॅनोमीटरपर्यंतचा असतो. माणसाचा एक केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी. हे कण रक्तात फिरतात, यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, कवच फोडतात आणि आतले लोह बेताबेताने रक्तनिर्मितीसाठी सोडतात.

कवच बदलले, फेऱ्या बदलल्या

१९५० च्या दशकात आलेल्या पहिल्या लोकप्रिय इंजेक्शनमध्ये डेक्स्ट्रानचेच कवच होते. जुन्या डॉक्टरांना ते आठवत असेल. कमरेत खोल टोचायचे, दुखायचे आणि कातडीवर काळा डाग पडायचा. त्याहून मोठा धोका होता तो तीव्र ॲलर्जीचा. आपल्या तोंडातले आणि आतड्यातले काही जिवाणूही डेक्स्ट्रानसारख्या साखळ्या बनवतात. दातांवरच्या चिकट थरातही त्या असतात. त्यामुळे काहींच्या शरीरात डेक्स्ट्रानविरुद्धची प्रतिपिंडे आधीच तयार असतात. लांब साखळ्यांचे डेक्स्ट्रान शिरेत गेले की त्यातल्या काहींना जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येई. लोहाच्या इंजेक्शनची जी भीती आजही गावोगावी आणि काही दवाखान्यांतही टिकून आहे, तिचे मूळ या जुन्या औषधात आहे.

मग आले आयर्न सुक्रोज. याचे कवच साध्या साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे. साखळीच नसल्याने जुनी ॲलर्जी फार कमी झाली. पण हे कवच सैल असते. एका वेळी जास्त मात्रा दिली तर बरेच लोह लवकर सुटते आणि त्रास होतो. म्हणून एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅमच देतात, तेही एक-दोन दिवसांचे अंतर ठेवून. डायलिसिसच्या रुग्णाला हे सोयीचे आहे. तो तसाही आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयात येतो.

त्यानंतरचा टप्पा फेरिक कार्बोक्सीमाल्टोज. याला डॉक्टर थोडक्यात ‘एफसीएम’ म्हणतात. याचे कवच स्टार्चपासून मिळणाऱ्या माल्टोडेक्स्ट्रिनवर प्रक्रिया करून बनवतात. साखळी पुरेशी लांब आणि लोहाला घट्ट धरणारी असते, पण डेक्स्ट्रानची नसते. त्यामुळे सुटे लोह कमी सांडते आणि १००० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सलाईनमधून पंधरा मिनिटांत देता येते. युरोपात ते २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झाले. भारतात आता अनेक कंपन्या ते बनवतात. आणखी नवे आहे फेरिक डेरिसोमाल्टोज. गंमत अशी की, त्याचे कवच पुन्हा डेक्स्ट्रानपासूनच बनते. फक्त साखळी इतकी आखूड तोडलेली असते की जुन्या प्रतिपिंडांना धरायला जागा उरत नाही.

आता हिशेब करू. ५० किलो वजनाच्या, ९ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या बाईला किती लोह लागेल? डॉक्टर वापरतात त्या गॅन्झोनी सूत्रात लक्ष्य १३ ग्रॅम धरले, तर वजन गुणिले तूट गुणिले २.४, अधिक शरीराच्या साठ्यासाठी ५००. म्हणजे ५० गुणिले ४ गुणिले २.४ बरोबर ४८०, अधिक ५००, एकूण ९८० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोजने हे भरून काढायचे तर पाच फेऱ्या. एफसीएमने एक. वजन कमी असेल तर एका वेळची मात्राही त्या प्रमाणात कमी करावी लागते आणि कधी दुसरी फेरी लागते. तरी पाच आणि एक-दोन यांतला फरक राहतोच.

एकाच जिल्ह्यातली दोन टोके

अहिल्यानगर जिल्ह्याचे वैशिष्ट्य असे की ऊसतोडीची दोन्ही टोके इथेच आहेत. प्रवरा, गोदावरी आणि मुळेच्या पाण्यावर उभा राहिलेला उत्तरेकडचा बागायती पट्टा मजुरांना बोलावतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पट्ट्यात, १९५० साली. आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचा कोरडवाहू भाग मजूर पाठवतो. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या गाडीत संसार टाकून निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पुढचे पाच-सहा महिने पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीवर मुक्काम. पहाटे अंधारात फड गाठायचा, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. गाडी कधी भरायची हे कारखान्याच्या वेळेवर ठरते, त्यामुळे रात्र-मध्यरात्र पाहायची नाही. फड संपला की मुक्काम हलतो. आज या गावाच्या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या.

या बाईने एक दिवस काम बुडवले तर खाडा धरला जातो. एकीचा खाडा म्हणजे बहुधा अख्ख्या कोयत्याचा खाडा. त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंड भरावा लागतो किंवा तो उचलीत चढतो. तिला दर दोन दिवसांनी एकदा, असे पाच वेळा ग्रामीण रुग्णालयात यायला सांगणे म्हणजे उपचार न करण्याचाच सभ्य प्रकार आहे. ज्या गावाच्या आरोग्यसेविकेकडे तिची नोंद आहे, ते गाव शंभर किलोमीटर मागे राहिलेले असते. ज्या गावात ती आहे, तिथल्या आशाताईच्या वहीत तिचे नाव नसते.

अशक्तपणाचे प्रमाण काय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखवले आहे. २०१९ ते २०२१ च्या पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे मधल्या पाच वर्षांत गोळ्या वाटल्या गेल्या, मोहिमा निघाल्या आणि आकडा वर गेला. हा सगळ्या स्त्रियांचा सरासरी आकडा आहे. निम्मे वर्ष कोपीत काढणाऱ्या बाईची स्थिती या सरासरीहून बरी असेल, असे मानायला काहीच आधार नाही.

रक्त कमी असलेल्या शरीराने मोळी उचलायची म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. धाप लागते, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. गरोदर असेल तर बाळंतपणातला थोडासा रक्तस्रावही तिला सोसत नाही. आणि पाळीत जास्त जाते म्हणून रक्त कमी, रक्त कमी म्हणून अशक्तपणा, या चक्राला कंटाळून ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला येतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या प्रत्येकीच्या शस्त्रक्रियेमागे रक्तक्षय होता असे म्हणता येणार नाही. पण अति रक्तस्रावावर आणि रक्तक्षयावर वेळेवर, साधा उपचार मिळाला असता तर त्यांतल्या कितीतरी जणींना चाकूखाली जावे लागले नसते, असे म्हणायला नक्कीच जागा आहे.

इंजेक्शन म्हणजे जादू नव्हे

इथे एक इशारा द्यायला हवा. नवे औषध आले की ते सरसकट सगळ्यांना द्यावे, असा सूर लागतो. पुरावा तसे सांगत नाही. आफ्रिकेतल्या मलावी देशात ८६२ गर्भवतींवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना एफसीएमचे एक सलाईन दिले, निम्म्यांना नेहमीच्या गोळ्या. छत्तिसाव्या आठवड्यात पहिल्या गटातल्या ५२ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या. हा फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. भारतात दोन हजारांहून अधिक गर्भवतींवर आयर्न सुक्रोज आणि गोळ्यांची तुलना झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही आईच्या गंभीर गुंतागुंतीत फरक दिसला नाही.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, गोळी नियमित घेतली जात असेल तर तीच पहिला उपाय. ती स्वस्त आहे, घरी घेता येते. गर्भवतीला १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस गोळी देण्याचे सरकारी धोरण योग्यच आहे. दुसरी, अभ्यासातल्या स्त्रियांच्या मागे कोणीतरी असते. गोळ्या घेतल्या का, हे विचारायला माणूस येतो. फडावरच्या बाईला असे विचारणारे कोणी नसते. तिला गोळीने मळमळते, पोट गच्च होते, शौचाला काळे होते. आडोसा नसलेल्या मुक्कामावर बद्धकोष्ठ हा लहान त्रास नाही. पहाटे उपाशीपोटी चहा घेऊन ती निघते, आणि चहाबरोबर गोळी घेतली तर लोह अंगी लागत नाही. पाकीट कोपीत तसेच राहते. इंजेक्शनची खरी गरज आहे ती अशा बाईला, जी गोळी घेऊ शकली नाही आणि पुन्हा भेटण्याची खात्री नाही.

जोखमीही सांगायला हव्यात. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हे इंजेक्शन देत नाहीत. तीव्र ॲलर्जी आता दुर्मीळ असली, तरी शून्य नाही. म्हणून ते कोपीवर किंवा कारखान्याच्या आवारातल्या शिबिरात टोचण्याचे औषध नव्हे. ॲड्रेनलिन आणि ऑक्सिजन हाताशी असलेल्या ठिकाणी, डॉक्टरसमोर द्यायचे आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवायचे.

एफसीएमचा आणखी एक दुष्परिणाम कवचाशीच जोडलेला आहे. ते दिल्यावर पुष्कळांच्या रक्तातले फॉस्फेट काही आठवड्यांसाठी घटते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचण्यांत एफसीएम घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के जणांचे फॉस्फेट घटले. डेरिसोमाल्टोज घेतलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. आतले लोह तेच होते, फरक कवचाचा. एका मात्रेनंतर बहुतेकांचे फॉस्फेट आपोआप पूर्ववत होते. पण वारंवार दिले तर हाडे ठिसूळ होण्याच्या नोंदी आहेत. डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही. म्हणून दरवर्षी सरसकट एक बाटली, असा कार्यक्रम नको. तपासणी करून, गरज असेल तिलाच द्यावे.

शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाअभावी नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे खूप आहे. काहींना सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा आजार असतो. त्यांना आंधळेपणाने लोह भरत राहणे घातक ठरू शकते. हिमोग्लोबिन पाच ग्रॅमच्या खाली गेलेल्या बाईला तर तातडीने भरती करून रक्त द्यावे लागते. इंजेक्शनच्या बाटलीआधी तपासणीची सोय हवी, ती यासाठी.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट वेळेची. लोहाचे सलाईन दिल्यावर हिमोग्लोबिन वाढायला तीन-चार आठवडे लागतात. मजूर दसरा-दिवाळीला निघतात. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर हा योग्य काळ आहे. त्या वेळी बाई स्वतःच्या गावात असते, आशाताई तिला ओळखते, तालुक्याचे रुग्णालय जवळ असते आणि खाड्याची भीती नसते. बीड जिल्ह्यात हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर ऊसतोड महिलांची तपासणी करण्याची पद्धत सुरू झाली आहे. पाथर्डी, शेवगाव आणि जामखेडमध्येही ती काटेकोरपणे व्हावी. नुसते हिमोग्लोबिन मोजून वहीत लिहिणे पुरेसे नाही. ज्या बाईचे कमी निघेल, तिला त्याच आठवड्यात उपचार मिळावा. एप्रिल-मेमध्ये परतल्यावर दुसरी तपासणी होईल, तेव्हा कोणाला काय लागू पडले हेही कळेल.

दुसरी गोष्ट पैशाची. एफसीएम गोळ्यांपेक्षा कितीतरी महाग आहे. केंद्राच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात, २०१८ पासून, शिरेतून द्यायच्या लोहाला जागा आहे आणि त्यात आयर्न सुक्रोजबरोबर एफसीएमचाही उल्लेख आहे. पण खरेदीच्या वेळी बाटलीची किंमत पाहिली जाते, फेऱ्यांची नाही. पाच वेळची परिचारिका, पाच वेळची खाट, पाच वेळचे सलाईन आणि बाईचे पाच खाडे हा खर्च निविदेच्या कागदावर येतच नाही. तो धरला तर स्वस्त बाटली स्वस्त राहते का, हे आरोग्य विभागाने मोजून पाहावे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे आहेत. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे एका हंगामाचे एक कोटी रुपये होतात. यातून औषध, प्रवास आणि त्या एका दिवसाची मजुरी देणे अशक्य नाही. ज्या दिवशी बाई रुग्णालयात जाईल, त्या दिवशी तिचा खाडा धरला जाणार नाही, हे कारखान्याने मुकादमाकडून लिहून घ्यावे. मुकादमाशी करार कारखानाच करतो, तेव्हा ही अट घालणे त्याच्याच हातात आहे.

तिसरी गोष्ट दर्जाची. हा साधा क्षार नव्हे, नॅनोकण आहे. दोन कंपन्यांच्या बाटल्यांवर नाव एकच आणि लोह तेवढेच असले, तरी कणाचा आकार आणि कवचाची घट्ट पकड यांत फरक असू शकतो. फ्रान्समध्ये डायलिसिसच्या रुग्णांना मूळ आयर्न सुक्रोजऐवजी दुसऱ्या उत्पादकाचे दिले, तेव्हा तेवढाच परिणाम साधायला जास्त लोह लागल्याचा अनुभव नोंदवला गेला. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. सरकारी खरेदीत कणाचा आकार आणि सुट्या लोहाचे प्रमाण तपासल्याचा अहवाल मागणे, हा त्याचा साधा आणि उपयोगी वापर ठरेल. स्वस्त देशी औषधाला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. ते एकदा तपासून घ्यावे, इतकेच.

चौथी गोष्ट नोंदींची. जिल्ह्यात लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगर शहरात जिल्हा रुग्णालय आहे, गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. किती जणींना इंजेक्शन दिले, हंगामाच्या शेवटी त्यांचे हिमोग्लोबिन किती होते, कोणाला त्रास झाला, किती जणींना रक्त चढवण्याची वेळ आली, याची नोंद या संस्थांनी मिळून ठेवली, तर मजूर स्त्रियांबद्दलची आपली स्वतःची माहिती हाती येईल. आज आपण मलावीच्या आकड्यांवर चर्चा करतो, कारण स्थलांतर करणाऱ्या आपल्या बायकांचे आकडे आपल्याकडे पुरेसे नाहीत. बाईच्या हातात तिचे साधे कार्ड दिले आणि त्यावर शेवटचे हिमोग्लोबिन आणि दिलेली मात्रा लिहिली, तरी पुढच्या गावातल्या डॉक्टरला अंधारात चाचपडावे लागणार नाही.

साखर उद्योगाच्या परिषदांमध्ये आता चिपाडापासून नॅनोसेल्युलोज, साखरेपासून औषधी दर्जाची द्रव्ये अशी भाषणे होतात. ती स्वप्ने पाहायला हरकत नाही. इथेनॉलप्रमाणे एखाद्या दिवशी तेही होईल. पण त्यासाठी लागणारी शुद्धता, चाचण्या आणि परवानग्या हा अनेक वर्षांचा मामला आहे. लोहावरचे साखरेचे कवच मात्र आज तयार आहे, मंजूर आहे आणि तालुक्याच्या गावातल्या औषध दुकानात मिळते. बहुशर्करांच्या विज्ञानाने या जिल्ह्याला काय दिले, असे कोणी विचारले, तर उत्तर देण्याची सर्वांत जवळची संधी हीच आहे.

कोणत्याही एका तालुक्यात, एका हंगामासाठी हे करून पाहता येईल. जाण्यापूर्वी तपासणी, गरज असेल तिला एका भेटीत पूर्ण मात्रा, परतल्यावर पुन्हा तपासणी. त्यासाठी नवी योजना, नवे नाव किंवा नवे महामंडळ लागत नाही. आरोग्य विभाग, कारखाना आणि मुकादम या तिघांनी सप्टेंबर संपण्याआधी एकदा एका टेबलाशी बसावे लागेल, एवढेच.